लाँगफर्डशी आपला काय संबंध? चित्रपट गटाच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
संयोजक मंडळी,
आपला मराठी चित्रपट गट, पश्चिम सिडनी

सप्रेम नमस्कार.

गटाचं नाव मी लिहीत नाही, तुमचीही नावं लिहीत नाही. आपण एकमेकांकडे गणपतीला जेवायला जाणारी माणसं आहोत आणि कुणाला उघडं पाडावं हा माझा हेतू नाही. तरी पत्र खुलं लिहितोय. ज्या निर्णयाबद्दल बोलायचं आहे तो सगळ्या सभासदांच्या नावाने घेतला गेला, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना नक्की काय रद्द झालं हे अजून माहीत नाही.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी ‘१९१९ : नाशिक आणि सिडनी’ हा आपला कार्यक्रम ठरला होता. शनिवारी दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, रविवारी रेमंड लाँगफर्ड यांचा ‘द सेंटिमेंटल ब्लोक’. एकाच वर्षातले दोन मूकपट, एक आपल्या मुलखातला आणि एक आपण राहतो त्या शहरातला. फेब्रुवारीच्या बैठकीत कार्यक्रम मंजूर झाला. हॉलची आगाऊ रक्कम भरली गेली. चित्रपटांना द्यायच्या संगीताच्या साथीच्या तालमी सुरू झाल्या. मग तीन आठवडे उरले असताना एका मंगळवारी रात्री सव्वाअकरा वाजता व्हॉट्सॲपवर निरोप आला की शनिवारी फाळक्यांचं थोडंसं दाखवून पुढे विनोदी नाटकाचं रेकॉर्डिंग लावायचं आणि रविवार रद्द. कारण एका ओळीत दिलं होतं : मूकपट कोण बघणार, आणि लाँगफर्डशी आपला काय संबंध?

पहिल्या प्रश्नाकडे नंतर येतो. दुसऱ्याचं उत्तर त्याच रात्री फोनवर लिहायला बसलो होतो, ते तिथे मावलं नाही.

संबंध माझ्यापासून सांगतो. २००४ साली मी इथे शिकायला आलो. दिवसा कॉलेज, आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री गोदीजवळच्या एका गोदामावर राखण. दर तासाला कुंपणाला फेरी मारायची, प्रत्येक दाराचं कुलूप ओढून बघायचं, वहीत वेळ टाकायची. जुलैमधला वारा पाण्यावरून आला की बोटांत पेन धरवत नसे. केबिनमध्ये छोटा हीटर होता. त्याच्यापाशी बसून वाचायला मी लायब्ररीतून ऑस्ट्रेलियन सिनेमाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. फुकटात रात्र निघावी एवढाच त्यामागे विचार. त्यात वाचलं की या देशाच्या मूकपटांच्या काळातला सगळ्यांत मोठा दिग्दर्शक उतारवयात सिडनीच्या धक्क्यांवर रात्रीचा पहारेकरी म्हणून काम करत होता.

पुस्तक उघडंच ठेवून मी फेरीला गेलो. परत येऊन तीच ओळ पुन्हा वाचली. माझं आजोळ नाशिकचं. ज्यांनी हिंदुस्थानी सिनेमाचा पाया घातला त्या फाळक्यांची अखेर आपल्याच गावात उपेक्षेत झाली, हे मी आजोबांच्या तोंडून ऐकत मोठा झालोय. आणि इथे सात समुद्रांपलीकडे तशीच गोष्ट माझ्या पुढ्यात होती. फक्त या माणसाच्या हातात टॉर्च होता आणि तसाच टॉर्च माझ्याही हातात होता. त्या रात्रीपासून लाँगफर्ड मला परका वाटलेला नाही.

ज्यांना हा माणूस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लाँगफर्ड १८७८ साली मेलबर्नच्या हॉथॉर्न भागात जन्मले. तरुणपणी जहाजांवर खलाशी, नंतर फिरत्या नाटक कंपन्यांत नट. १९११ मध्ये ते दिग्दर्शनाकडे वळले. त्याच सुमारास मुंबईत फाळके ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहून झपाटले होते. लाँगफर्डच्या पाठीशी कोझेन्स स्पेन्सर हे चित्रपटगृहांचे मालक होते, चित्रपट निर्मितीत पैसे घालायची हिंमत असलेले. सुरुवात छान झाली. पण दोनच वर्षांत मोठ्या कंपन्या एक झाल्या. चित्रपट वाटणारे तेच आणि दाखवणारेही तेच. लोक या युतीला ‘कम्बाइन’ म्हणत. परदेशातून आलेल्या चित्रपटांचा खर्च तिकडेच वसूल झालेला असे, त्यामुळे ते स्वस्तात मिळत. मग घरच्या माणसाला पैसे देऊन नवा चित्रपट कशाला करवून घ्यायचा? स्पेन्सर बाजूला पडले. त्यानंतर लाँगफर्डना प्रत्येक चित्रपटासाठी नव्याने दारोदार फिरावं लागलं. १९१८ चा ‘द वुमन सफर्स’ तर चालू असताना न्यू साउथ वेल्स राज्याने बंद केला.

‘सेंटिमेंटल ब्लोक’साठीचे पैसे सिडनीत मिळाले नाहीत, ते ॲडलेडच्या एका कंपनीने दिले. सी. जे. डेनिस यांचं रांगड्या बोलीतलं काव्य त्या काळी इथे घरोघरी वाचलं जात होतं. त्यावरचा हा चित्रपट. मूळ गोष्ट मेलबर्नची, पण लाँगफर्डनी ती सिडनीच्या वुलुमुलूत नेली आणि तिथल्या खऱ्या गल्लीबोळांत कॅमेरा लावला. नायक बिल हा गल्लीतला टगा. नाणी उडवून खेळायच्या जुगारात पकडला जातो, तुरुंगात जाऊन येतो आणि एका बाजाराच्या दिवशी त्याला डोरीन दिसते. ती लोणच्याच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवते. ही भूमिका लॉटी लायल यांनी केली आहे. बिल झालेला आर्थर टॉचर्ट हा दिसायला साधा, रुंद चेहऱ्याचा, पोट सुटलेला. त्या काळच्या पडद्यावर असा नायक कुणी घेतला नसता.

तीन वर्षांपूर्वी आई इथे सहा महिने राहायला आली होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही. एका दुपारी मी हा चित्रपट लावला आणि पडद्यावर मध्ये मध्ये येणाऱ्या संवादांच्या पाट्यांवरचा मजकूर तिला वाचून दाखवायला लागलो. दहाव्या मिनिटाला ती म्हणाली, “तू गप बस, मला कळतंय.” आईने सांगलीत अठरा वर्षं महिला मंडळात लोणच्याच्या बरण्या भरल्या आहेत. डोरीनचे हात पाहून ती पुढे सरकून बसली. पुढे एक प्रसंग आहे. लग्नानंतर शहाण्यासारखा वागणारा बिल एका रात्री जुन्या दोस्ताबरोबर पिऊन घरी येतो. सकाळी डोकं ठणकत पडलेला असतो आणि बायको आता आपल्याला फाडून खाणार म्हणून वाट बघतो. डोरीन एक अक्षर बोलत नाही. गरम सार करून आणते आणि त्याच्यापुढे धरते. आई कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हिने बरोबर केलं. ओरडली असती तर तो परत गेला असता.” शंभर वर्षांपूर्वीची वुलुमुलूची बाई आणि सांगलीची माझी आई यांच्यात एका शब्दाची गरज पडली नाही. मूकपट कोण बघणार, या प्रश्नाला माझ्यापाशी यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार निर्णय कसा झाला याबद्दल. बैठकीत मंजूर झालेली गोष्ट बैठकीतच रद्द व्हायला हवी होती. ज्यांनी कामं अंगावर घेतली होती त्यांना निदान एक फोन यायला हवा होता. पेटी आणि तबला वाजवणारे दोघे सहा रविवार माझ्या गॅरेजमध्ये येत होते. त्यांच्यातला एक जण पेनरिथहून दोन गाड्या बदलून येतो. माझी मुलगी व्हायोलिन वाजवणार होती. ती चौदा वर्षांची आहे, इथेच जन्मली. मराठी कार्यक्रमाला चल म्हटलं की एरवी तिला खोलीतून ओढून काढावं लागतं. या कार्यक्रमासाठी तिने कालियाच्या प्रसंगाला स्वतः सुरावट बसवली होती, आणि वुलुमुलूच्या बाजाराला काय वाजवावं यावरून तबलजीशी वादही घातला होता. निरोप तिने माझ्या आधी वाचला. मला काही बोलली नाही, फक्त व्हायोलिन पेटीत ठेवून दिलं.

अनुवादाचंही सांगितलं पाहिजे, कारण त्याचा उल्लेखसुद्धा निरोपात नव्हता. ‘ब्लोक’च्या पाट्यांवर डेनिस यांच्या कवितेतली भाषा आहे, रस्त्यावरची, मोडकीतोडकी, प्रेमळ. ती पुस्तकी मराठीत घातली की मरते. मी दोनदा केली आणि दोनदा टाकून दिली. शेवटी आपल्याच गटातल्या एका काकांकडे गेलो. त्यांचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, वडील गिरणीत होते. त्यांच्या डायनिंग टेबलावर आठ संध्याकाळी बसून आम्ही एकेक पाटी केली. बिलचा दोस्त जिंजर मिक आला की काकांच्या तोंडून आपोआप ‘भिडू’ निघायचं. डोरीनच्या मागे लागलेला तो गवती हॅटवाला सुटाबुटातला पोरगा आहे ना, त्याच्यासाठी काकांनी ‘चिकना’ शब्द सुचवला आणि स्वतःच खूश होऊन हसले. काका एकोणऐंशी वर्षांचे आहेत. बायको गेल्यापासून ते कार्यक्रमांना येत नाहीत. या कार्यक्रमाला ते येणार होते.

दुसरी तक्रार कारणाबद्दल. फाळके आपले आणि लाँगफर्ड परके, ही फाळणी मला मान्य नाही. आपल्यातली निम्मी कुटुंबं आज बॉकम हिल्स आणि त्याच्या आसपास राहतात. १९२० मध्ये आलेला लाँगफर्ड यांचा ‘ऑन अवर सिलेक्शन’ त्याच बॉकम हिल्समध्ये चित्रित झाला, तिथे नुसती शेतं आणि फळबागा होत्या तेव्हा. ज्या उतारावर आपण आज मुलांना क्रिकेटला सोडतो तिकडेच कुठेतरी त्या चित्रपटातलं गरीब शेतकरी कुटुंब जमीन नांगरत होतं. आपण इथे घरं घेतली, कर भरतो, मुलं इथल्या शाळांत जातात. इथला भूतकाळ तेवढा आपला नाही असं कसं म्हणायचं?

आणि या दोघांच्या आयुष्यांचं साम्य काही मी ओढूनताणून आणलेलं नाही, तारखाच बघा. १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियात चित्रपट धंद्याच्या चौकशीसाठी शाही आयोग बसला. लाँगफर्डनी त्याच्यापुढे साक्ष दिली, कम्बाइनने आपली कोंडी कशी केली हे नाव घेऊन सांगितलं. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात रंगाचारियर यांची चित्रपट समिती नेमली, आणि परदेशी चित्रपटांपुढे घरचा माणूस कसा टिकेल हा प्रश्न तिच्यापुढेही होता. दोन्हीकडे जाडजूड अहवाल आले. दोन्हीकडे घरचे दिग्दर्शक होते तिथेच राहिले. बोलपटांनी दोघांनाही मागे टाकलं. लाँगफर्डचा शेवटचा चित्रपट १९३४ मध्ये आला, फाळक्यांचा ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये. पुढे लाँगफर्ड दुसऱ्यांच्या चित्रपटांत किरकोळ भूमिका करत होते आणि मग धक्क्यावर. फाळके १९४४ मध्ये नाशिकला गेले, लाँगफर्ड १९५९ मध्ये सिडनीत. ऑस्ट्रेलियाने लाँगफर्डच्या नावाने पुरस्कार सुरू केला १९६८ मध्ये. भारताने फाळक्यांच्या नावाने सुरू केला १९६९ मध्ये. एका वर्षाच्या अंतराने दोन देशांना आपापल्या उपेक्षित माणसाची आठवण झाली. ही दोन नावं शेजारी-शेजारी ठेवून बघायची तर ते आपणच करू शकतो. या शहरात या दोन्ही गोष्टी घरच्या म्हणून सांगता येतील असे लोक दुसरे कोण आहेत?

तिसरी तक्रार पोस्टरबद्दल, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यांत जास्त लागलेली हीच आहे. कार्यक्रम रद्द व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी दिलेल्या मजकुरात चार नावं होती : दादासाहेब आणि सरस्वतीबाई फाळके, रेमंड लाँगफर्ड आणि लॉटी लायल. पोस्टर छापून आलं त्यात दोनच. विचारलं तर जागा नव्हती असं कळलं. खाली प्रायोजकांच्या पाच चौकटी होत्या.

लॉटी लायल फक्त डोरीन नव्हत्या. लाँगफर्डबरोबर त्या नाटकांपासून होत्या आणि पुढे त्यांनी पटकथा लिहिल्या, संकलन केलं, निर्मिती सांभाळली. त्या घोड्यावर बसत, पोहत, आणि साहसाची दृश्यं स्वतः करत. १९२१ च्या ‘द ब्लू माउंटन्स मिस्टरी’ला सहदिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव लागलं. तो चित्रपट आज उरलेला नाही. दोघांच्या नावाची कंपनीही निघाली. लाँगफर्ड आधीचे विवाहित, घटस्फोट मिळत नव्हता, त्यामुळे दोघांचं लग्न कधी झालं नाही. २१ डिसेंबर १९२५ रोजी लॉटी क्षयाने गेल्या. वय पस्तीस. त्यांच्यानंतर लाँगफर्डच्या हातून पूर्वीच्या तोडीचं काम झालं नाही. कम्बाइनने त्यांना संपवलं असं म्हणणारे आहेत, आणि ते खोटं नाही. पण मला वाटतं, डोरीन गेली आणि बिल पुन्हा रस्त्यावर आला. लाँगफर्डना मूठमाती मिळाली तीही लॉटी यांच्या शेजारी.

सरस्वतीबाईंचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. दागिने गहाण टाकायला काढून दिले. चित्रीकरण चालू असताना उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, प्रकाश परतवायला. सगळ्या कंपनीचा स्वयंपाक केला, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला भोकं पाडली. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती व्हायला बाई मिळेना म्हणून स्वयंपाकी अण्णा साळुंके तारामती झाले, ही गोष्ट आपण पोरांना हसत सांगतो. पण पडद्यामागे एक बाई होतीच. तिचं नाव किती पोरांना सांगितलं?

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या चित्रपट अकादमीने लाँगफर्डच्या नावाच्या त्या पुरस्काराचं नाव बदललं. आता तो लाँगफर्ड लायल पुरस्कार आहे. लॉटी गेल्यानंतर नव्वद वर्षांनी या देशाने त्यांचं नाव जिथे हवं तिथे लिहिलं. आणि आपण, घरातल्या बायकांच्या कष्टांवर इथे उभे राहिलेलो आपण, ते नाव एका पोस्टरवरून काढलं. ज्यांनी काढलं त्यांच्या मनात वाईट काही नसणार हे मी जाणतो. पण अशी नावं कायम अशीच जातात. कुणाच्या मनात वाईट नसतं, फक्त जागा नसते.

तुमची बाजूही मला दिसते. हॉलचं भाडं वाढलंय. गेल्या वर्षी दोन कार्यक्रम तोट्यात गेले आणि तो तोटा तुमच्यापैकी दोघांनी खिशातून भरला. विनोदी नाटकाला हॉल भरतो, लहान पोरं घेऊन माणसं येतात, सामोसे संपतात. त्याला माझा विरोध नाही, मीही हसायला येतो. पण ती नाटकं फोनवरही बघता येतात. मोठ्या पडद्यावर, पेटी-तबल्याच्या साथीने, लालबागच्या मराठीत ‘सेंटिमेंटल ब्लोक’ बघायला मिळेल अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

हा चित्रपट आपल्यापर्यंत कसा पोचला तेही ऐका. लाँगफर्डनी पंचवीसच्या वर चित्रपट केले, त्यातले बहुतेक कायमचे गेले. त्या काळची फिल्म नायट्रेटची. आपोआप कुजते आणि पेट घेतला की विझत नाही. २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात अशीच आग लागून आपल्या कितीतरी जुन्या चित्रपटांची मूळ रिळं जळाली, हे आपल्यातल्या पुणेकरांना आठवत असेल. ‘ब्लोक’ची एक प्रत १९५० च्या दशकात हाती आली. तो पुन्हा दाखवला गेला तेव्हा लोकांना कळलं की याचा दिग्दर्शक अजून जिवंत आहे आणि धक्क्यावर पहारा देतोय. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरच्या संग्रहालयात त्याहून चांगली निगेटिव्ह सापडली. डब्यावर नाव काय होतं? ‘द सेंटिमेंटल ब्लाँड’. कुणीतरी ‘ब्लोक’चं ‘ब्लाँड’ वाचलं होतं आणि त्या चुकीच्या नावाखाली चित्रपट पडून राहिला होता. त्यावरून कॅनबराच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो दुरुस्त केला, आणि २००४ च्या सिडनी चित्रपट महोत्सवात तो जिवंत संगीतासह दाखवला गेला. त्याच वर्षी त्याच शहरात मी गोदामाला फेऱ्या मारत होतो आणि मला याचा पत्ता नव्हता. एवढ्या लांबून, इतक्या हातांतून वाचत आलेली गोष्ट आपल्या हॉलच्या दारापर्यंत आली होती, आणि आपण एका ओळीच्या निरोपाने ती परत पाठवली.

माझ्या मागण्या चार आहेत.

रविवारचा कार्यक्रम परत घ्या. हॉल आता मिळत नसेल तर पुढच्या कुठल्याही रविवारी, शाळेच्या सभागृहात, नाहीतर लायब्ररीच्या खोलीत. त्या दिवशीच्या भाड्याची जबाबदारी मी आणि तालमीतले दोघे घेतो, गटाच्या तिजोरीतून काही नको.

शनिवारी ‘कालिया मर्दन’ पूर्ण दाखवा. फाळक्यांच्या आज उरलेल्या चित्रपटांत तो बऱ्यापैकी शाबूत राहिलेला आहे. कृष्णाचं काम त्यांच्या लेकीने, मंदाकिनीने केलंय. तिला बघायला आलेल्या पोरांना मध्येच उठवून नाटक लावू नका.

पोस्टरवर चार नावं छापा, चारही एकाच आकारात. प्रायोजकांच्या चौकटी लहान कराव्या लागल्या तर मी प्रायोजकांशी स्वतः बोलतो. दोघांशी बोललोही आहे, त्यांची काही हरकत नाही.

आणि यापुढे मंजूर झालेला कार्यक्रम बदलायचा असेल तर आधी बैठक बोलवा, आणि ज्यांनी त्यासाठी काम केलंय त्यांना त्या बैठकीत बोलू द्या.

हे पत्र मी गटाबाहेरही देतोय. इथल्या आणि महाराष्ट्रातल्या ज्या वाचकांना सिनेमाबद्दल आस्था आहे त्यांनी ते वाचावं. ज्यांना लाँगफर्ड आज पहिल्यांदा कळला त्यांनी जमेल तिथे ‘सेंटिमेंटल ब्लोक’ मिळवून पाहावा, आणि शक्य झालं तर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून पाहावा.

तालमी मी थांबवलेल्या नाहीत. या रविवारी दुपारी तीनला माझ्या गॅरेजमध्ये बसतोय. बाजाराच्या प्रसंगाचा ठेका अजून जमायचा आहे. मुलीने व्हायोलिन काल पुन्हा बाहेर काढलं. लालबागचे काका शेवटच्या अकरा पाट्या घेऊन येतील. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी या. गेट उघडं असेल, चहा ठेवतो.

आपला,
गटाचा एक सभासद